मरणाच्या भरवशावर

अनसिंगच्या बाजारपेठेत शिखरचंदचं कापडाचं दुकान होतं. तो बोलताना अडखळायचा. 'प' आणि 'क' ही अक्षरं तर बहुतेकदा त्याच्या ओठांशी येऊन थांबत, आणि समोरचा माणूस बिचारा आपल्याच ओठांनी ते अक्षर त्याच्यासाठी पुरं करायला लागे. म्हणून शिखरचंद बोलायच्या भानगडीत पडत नसे. तागा उलगडायचा, गिऱ्हाइकापुढं पसरायचा आणि बोलणं धाकट्या भावावर, रतनलालवर, सोडून द्यायचा. रतनलाल हसरा, कोणाच्याही लेकराचं नाव लक्षात ठेवणारा. त्यानं लग्न केलं नव्हतं. दुकानामागच्या घरात हे दोघं आणि शिखरचंदची बायको गुलाबबाई, असे तिघं राहत. मुली सासरी गेलेल्या. भाऊ असावा तर रतनलालसारखा, असं गावात म्हणत.

१९७८ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. भर दुपारी शिखरचंद एका बाईसाठी पातळ फाडत होता. एकदम छातीवर कोणी पाटा ठेवावा तसं झालं. डावा हात खांद्यापासून जड पडला, अंगाला घाम सुटला, कात्री हातातून गळाली. रतनलालनं त्याला गादीवरच आडवं केलं. गावातला डॉक्टर धावत आला, नाडी पाहिली, इंजेक्शन दिलं आणि रतनलालला दाराशी नेऊन म्हणाला, "हार्टचा अटॅक दिसते. अकोल्याले न्या. पण रस्त्यात काही झालं तर मले बोल लावू नका."

जीप आणायला माणूस पळाला. तेवढ्यात समाजातले वडीलधारे चंपालालजी आले. चार शेजारी जमले होते. चंपालालजी उशाशी बसले, णमोकार मंत्र म्हणू लागले, आणि मग शिखरचंदच्या कानाशी वाकून म्हणाले, "शिखरचंद, मनात काही अडकून राह्यलं असन तर मोकळं करा. सगळ्यायची क्षमा मागून घ्या. हीच वेळ असते."

शिखरचंदनं डोळे उघडले. रतनलाल ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसत होता.

"रतन," तो म्हणाला, "इंझोरीची पोरगी. अंगुरी. तिच्या अंगावर कोड नव्हतं. मी डोळ्यानं पाह्यलं म्हणलं होतं. मी काहीच पाह्यलं नव्हतं. खोटं बोललो मी."

एकदाही अडखळला नाही. आयुष्यात एवढं सरळ तो कधी बोलला नव्हता. रतनलालचा हात कपाळावरच थांबला. गुलाबबाई दारात उभी होती, ती तिथंच खाली बसली. कोणी काही बोलायच्या आत बाहेर जीपचा भोंगा वाजला. "गाडी आली," रतनलाल म्हणाला, आणि भावाच्या काखेत हात घालून त्यानं त्याला उचललं.

कोण ही अंगुरी, हे त्या खोलीत कोणाला सांगावं लागलं नाही. पंचवीसेक वर्षांमागं इंझोरीच्या एका जैन घरातल्या या मुलीशी रतनलालची सगाई ठरली होती. मुलगी चार इयत्ता शिकलेली, दिसायला देखणी. सगाईच्या बैठकीत रीत म्हणून मोठ्या भावानं मुलीकडच्या पाहुण्यांचं नाव घेऊन स्वागत करायचं होतं. शिखरचंद उभा राहिला आणि पहिल्याच नावाच्या पहिल्याच अक्षराला अडकला. प, प, प. सगळी बैठक खाली मान घालून वाट पाहत राहिली, आणि आतल्या दारातून, पदराआडून, अंगुरी फिस्सकन हसली. सतरा वर्षांची पोर, हसू आलं, हसली. बस, एवढंच.

घरी आल्यावर शिखरचंदनं बापाला सांगितलं, पोरीच्या दंडावर पांढरा डाग आहे, पाणी देताना बाही सरकली तेव्हा मी पाहिला. बापानं इंझोरीला निरोप धाडला की योग जुळत नाही. पण खरं कारण दडून राहत नाही. महिनाभरात ते वाशीम, रिसोडपर्यंत पोचलं. पुढं कैक वर्षं तिला स्थळ आलं नाही. शेवटी रिठदच्या एका बिजवराला देऊन टाकली, एवढं अनसिंगला कळलं. रतनलालही नंतरच्या प्रत्येक मुलीला पाहू, पाहू म्हणत राहिला आणि त्याचं वय निघून गेलं.

शिखरचंद मेला नाही. अकोल्याच्या दवाखान्यात त्याला झोपवून ठेवलं, डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढले, पुढच्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली होती असं सांगितलं, आणि थंडी संपता संपता घरी धाडलं. जिना नको, ओझं नको, मनाला त्रास नको. अनसिंगच्या स्टँडवर एसटीतून उतरला तर दोन्हीकडच्या दुकानांतली माणसं उठून उभी राहिली. आजारी माणसाला पाहायला उठली म्हणावीत तर एकानंही 'कसं काय शिखरचंदजी' म्हटलं नाही.

त्या दिवसापासून तो मागच्या खोलीत पडला तो पडलाच. दुकानाचं तोंड पाहीना. घरात मात्र कोणी त्याला एक शब्द बोललं नाही. रतनलाल वेळेवर गोळ्या द्यायचा, न्हाणीत गरम पाणी ठेवायचा, पाठ चोळायचा. शिखरचंदला वाटे, यानं एकदा तरी भांडं आपटावं. गुलाबबाई तेवढी एकदा बोलली, तेही भाकरी थापता थापता, त्याच्याकडं न पाहता.

"आवो, मी त्या पोरीचं नाव घेऊन इतके वर्षं देवाचे पाय धरले. आपलं घर वाचलं म्हणून. मंदिरात बायायले सांगे, आमच्या यायच्या नजरेनं वाचलो."

शिखरचंद भिंतीकडं तोंड करून पडला. एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली होती. आजारी माणसाला कोणी जाब विचारत नाही. कोणी भेटायला आलं की तो डोळे मिटून घेई, हात छातीवर ठेवी आणि पाहुणा पाय न वाजवता निघून जाई. दुखत नसतानाही ठेवी. हे आपण मुद्दाम करतो, हे त्याला कळत होतं. पण हात जायचाच.

उन्हाळ्याच्या तोंडाशी अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "कार्डिओग्रामवर जुनी जखम दिसते. पण स्नायू किती मेला, किती जिता, ते यातून नक्की सांगता येत नाही. मुंबईत एका मोठ्या दवाखान्यात नवीन मशीन आलं आहे. आवाजाच्या लहरींनी हृदय चालताना दिसतं. सुई नाही, काप नाही. एकदा करून या, म्हणजे यांना किती हिंडू-फिरू द्यायचं ते कळेल."

"कायले?" शिखरचंद म्हणाला. "आहे ते बरं आहे."

"जाऊ आपण," रतनलाल म्हणाला. पंधरा दिवसांत त्यानं मुंबईत राहणाऱ्या एका दूरच्या नातेवाइकाकडं उतरायची सोय केली, दशम्या-चटणीचा डबा बांधला, आणि भावाला घेऊन निघाला. अकोल्याहून मुंबईच्या गाडीत रतनलालनं त्याला खिडकीची जागा दिली. दिवस मावळायच्या आत दोघं जेवले. रतनलाल शेजारच्या प्रवाशाशी पाऊसपाण्याचं बोलत राहिला; भावाशी बोलला ते एवढंच, 'वारा लागते का', 'पाणी देऊ का'.

दवाखान्यातली ती खोली अंधारी होती. पडदे ओढलेले. कपाटाएवढं एक यंत्र, त्याला छोटासा काचेचा पडदा. तपासणाऱ्या डॉक्टर बाई होत्या, केस पिकायला लागलेल्या, मुंबईचं मराठी बोलणाऱ्या. त्यांनी शिखरचंदला सदरा, बनियन काढून डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं. रतनलालला म्हणाल्या, "तुम्ही थांबलात तरी चालेल."

त्यांनी एका बाटलीतून चिकट, गार असं काही छातीवर ओतलं. शिखरचंद दचकला.

"बाई, यात च... चरबी तर नाही ना? आमी जैन."

"नाही काका. पाणी आणि गोंदासारखं औषध आहे. आवाज आत जायला मधे हवा राहू नये म्हणून."

"आवाज तर काही येऊन नाही राह्यला," रतनलाल म्हणाला.

"आपल्याला ऐकू न येणारा आवाज आहे." बाईंनी वायर जोडलेली जाड कांडी हातात घेतली आणि बरगड्यांच्या मधे टेकवली. "ही कांडी आवाज आत सोडते. तो हृदयाच्या भिंतींवर आपटतो आणि परत येतो. विहिरीत हाक मारल्यावर येतो तसा. किती वेळानं परत आला त्यावरून भिंत कुठं आहे ते कळतं. आता श्वास सोडा, आणि तसंच राहा."

काचेवर उजळ रेघा उमटल्या. एकाखाली एक, लाटांसारख्या वरखाली होणाऱ्या. यंत्राच्या कुशीतून कागदाची लांब पट्टी सरकत बाहेर येऊ लागली आणि त्याच रेघा त्याच्यावर उमटत गेल्या. रतनलाल उठून जवळ आला. ते भावाचं काळीज होतं. चालत होतं.

"याच्यात रक्त दिसते का बाई?"

"रक्त नाही दिसत. त्याचीच तर अडचण आहे." त्यांनी बोटानं एक रेघ दाखवली. "पण ज्या स्नायूला रक्त मिळत नाही, तो हलत नाही. म्हणून आम्ही हलणं बघतो. ही खालची रेघ मागच्या भिंतीची. बघा, कशी जोरात उसळते. तिला काही झालेलं नाही. आता ही वरची. ही दोन कप्प्यांमधल्या पडद्याची. यांची जी नळी तुंबली, तिच्यातूनच याला रक्त जातं. अटॅक आला तेव्हा हा निपचित पडला असणार."

"आणि आता?"

बाईंनी कांडी थोडी तिरपी केली, पुन्हा श्वास धरायला लावला, कागदाची आणखी एक पट्टी काढली. शिखरचंद भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्याला पडदा दिसत नव्हता. मनात एकच चाललं होतं, आणि ते त्याचं त्यालाच ऐकवत नव्हतं. निपचितच असू दे. निपचितच असू दे.

"हलतोय," बाई म्हणाल्या. "मागच्या भिंतीइतका नाही, मंद आहे. पण हलतोय, आणि आकुंचन पावताना जाडही होतोय. मेलेला भाग असा जाड होत नाही. म्हणजे त्याला कुठून तरी रक्त पोचतंय. मोठी नळी बंद झाली की शेजारच्या बारीक नळ्या कधी कधी रुंदावतात, आडवाटेनं रक्त नेतात. सगळं हृदय काही या यंत्रात दिसत नाही, अरुंद फटीतून बघितल्यासारखं आहे हे. पण जेवढं दिसतं तेवढं चांगलं आहे. काका, ऐकताय ना? रोज चाला. दुकानात बसा. नीट राहिलात तर नातवंडांची लग्नं बघाल."

रतनलालनं दोन्ही हात जोडले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचेना. "जगतीन म्हणते, भाऊ. ऐकलं का? जगतीन म्हणते."

शिखरचंदनं छाती पुसून घेतली, सदरा घातला. गुंडी काही केल्या लागेना. ती रतनलालनं लावून दिली.

दवाखान्याच्या आवारात एका झाडाच्या पारावर दोघं बसले. तिथं शिखरचंद रडायला लागला. रतनलालला आधी वाटलं, आनंदानं रडतो आहे. मग तो हुंदका वेगळाच आहे हे त्याला कळलं.

"मी मरणाच्या भरवशावर बोललो, रतन," शिखरचंद म्हणाला. "जगायचं आहे असं मालूम असतं तर बोललोच नसतो. तुले वाटत असन, भावानं मरता मरता खरं सांगतलं. म... मरणार होतो म्हणून सांगतलं. तुमचे तोंडं पाहा लागणार नाहीत म्हणून. आन आत्ता, तठी आत, मी काय म्हणत होतो ठाऊक आहे? मेला असू दे तो पडदा म्हणत होतो."



"मी तुमच्यावर कोणत्या तोंडानं रागावू?" रतनलाल म्हणाला. "बाबूजीनं तवा मले एकट्याले बोलावलं होतं. म्हणे, शिखर असं सांगून राह्यला, तू एक डाव जाऊन पाहून येतं का? आईले धाडू का? मी नाई म्हणलं. म्हणलं, तुमी कराल ते. इंझोरी काय सात समुद्रापार होती? सकाळी जाऊन दिवस बुडायच्या आत परत आलो असतो. नाई गेलो. मले भेव वाटलं, खरंच असलं तर? तिच्या हातचं खा लागन, तिच्याजवळ..." तो थांबला. "तुमी एक डाव खोटं बोलले. मी पंचवीस वर्षं ते खरं समजून चांगला माणूस होऊन राह्यलो. लोक म्हणत, रतनलाल भावाच्या शब्दाबाहेर नाई. भावाचा शब्द नव्हता तो. माही भीती होती."

शिखरचंदनं पहिल्यांदा भावाच्या तोंडाकडं नीट पाहिलं. अटॅक येऊन गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"आता जगूनच राह्यले, तर चला," रतनलाल म्हणाला. "रिठदले जाऊ."

वैशाखात एका सकाळी दोघं रिठदला उतरले. अंगुरीबाईचं घर कोणालाही विचारलं तरी सापडलं असतं. नवरा वारल्यापासून गावातलं किराणा दुकान तीच चालवत होती. ओट्यावर तराजू लटकवलेला, मागं डबे, आणि मधे ती बसलेली. केस पांढुरके, आवाज ठणठणीत. तिनं ओळखलं नाही. "काय देऊ?" म्हणाली.

रतनलालनं नाव सांगितलं. गाव सांगितलं. मग भावाचं नाव सांगितलं.

अंगुरीबाईनं हातातलं माप डब्यात टाकलं. "बसा," ती म्हणाली. "पाणी आण वो, रुपा," असं आत ओरडली. मग पदर सारखा करून बसली आणि वाट पाहू लागली. मदत केली नाही.

शिखरचंदनं सांगितलं. फार वेळ लागला. प्रत्येक 'प' आणि 'क' आडवा आला, आणि या वेळी त्याच्यासाठी शब्द पुरा करणारं तिथं कोणी नव्हतं. हसली म्हणून, एवढ्याच कारणानं, हे सांगताना तो घामाघूम झाला. रतनलालला त्याच्या छातीची काळजी वाटू लागली, पण तो मधे पडला नाही.

"मी गावासमोर सांगतलं आहे," शिखरचंद म्हणाला. "अजून सांगतो. रिसोडात सांगतो, वाशीमले मंदिरात उभा राहून सांगतो. तुमच्या अंगावर क... कोड नव्हतं. तुमचं अंग साफ होतं. डाग नव्हता तुमच्यात."

तेवढ्यात आतून तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी पाण्याचे दोन पेले घेऊन आली होती. ती दारातच थांबली होती आणि हे सगळं तिनं ऐकलं होतं. पुढं येऊन तिनं पेले ठेवले. तिच्या दोन्ही हातांवर, बोटांपासून कोपरापर्यंत, पांढरे चट्टे होते. ओठांच्या कडेलाही होते.

"ही रुपा," अंगुरीबाई म्हणाली. "आमच्या यायच्या पहिल्या बायकोची लेक. मी आली तवा तीन वर्षांची होती. हिच्या अंगावर तवाच निघालं होतं. घरात कोड म्हणून यायले कोणी पोरगी देईना, आन कोडाची म्हणून मले कोणी करून घेईना. असं जुळलं आमचं."

शिखरचंदला वर पाहवेना. रुपा आत गेली नाही. कवाडाला टेकून उभी राहिली.

"आई मले घरोघर घेऊन फिरली," अंगुरीबाई सांगू लागली. आवाज चढला नाही, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसा. "नात्यातल्या बाया दार लावून घेत. मंग मी चोळी काढायची. त्या उजेडात फिरवून फिरवून पाहत. नाई वो, काही दिसत नाई, म्हणत. आन बाहेर गेल्यावर म्हणत, आज नाई दिसत, उद्या निघन. तुमी म्हणता साफ होती. मले ठाऊक होतं ना मी साफ होती. पण शिखरचंदजी, असतं तर? असतं एखादं, इथं दंडावर, तर तुमी बरोबर होते? मंग रिठदले यायचं काम नव्हतं?"

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली.

"पाणी घ्या," रुपा म्हणाली.

रतनलालनं पेला उचलला आणि प्यायला. शिखरचंदनंही उचलला. पाणी त्याच्या घशाखाली गेलं, पण ते पाणी प्यायल्याचा त्याला अभिमान वाटला, आणि तो अभिमान वाटल्याची लगेच लाज वाटली.

"आमी काय करू?" रतनलालनं विचारलं.

"मले काई नको," अंगुरीबाई म्हणाली. "हिले पंगतीत वाढू देत नाईत. कोणत्याच गावात. पानाले हात लागला तर बाया उठून जातात. तुमच्या गावी दसलक्षणानंतर क्षमावाणीची पंगत असते ना? तठी वाढन ही. तुमी पहिल्या पानावर बसा."

अनसिंगच्या मंदिरात हे सांगायचं काम शिखरचंदनं रतनलालवर सोडलं नाही. चंपालालजी ऐकून म्हणाले, "शिखरचंद, तुमी क्षमा मागतली, झालं. आता समाजाले कायले ओढता?"

"तुमीच म्हणलं होतं, मोकळं करा," शिखरचंद म्हणाला. "अजून नाई झालं."

भादव्यात दसलक्षणाचं दहा दिवसांचं पर्व संपलं. क्षमावाणीच्या दिवशी मंदिराच्या मांडवात पंगत बसली. दिवस अजून वर होता. सगळे एकमेकांना हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागत होते; हे तर दरवर्षीच होई. पहिल्या पानावर शिखरचंद, दुसऱ्यावर रतनलाल. बायकांच्या बाजूला गुलाबबाई अंगुरीबाईला शेजारी घेऊन बसली होती. दोघी एकमेकींशी बोलत मात्र नव्हत्या.

रुपा वरणाची बादली घेऊन आली. हिरवं पातळ, कोपरापर्यंत हात उघडे. तिनं ते झाकले नव्हते. मांडवात कुजबूज झाली आणि थांबली. ती पहिल्या पानाशी वाकली, पळी भरून पुढं केली.

आणि शिखरचंदचा उजवा हात पानावर आडवा गेला.

त्यानं नेला नव्हता. तो गेला. नको असताना वाढप्याला थांबवतात तसा, बोटं पसरून, भाताच्या मुदीवर आडवा. क्षणभरच. लगेच त्यानं तो ओढून घेतला, इतक्या जोरात की कोपर रतनलालला लागलं. पण रुपानं पाहिलं होतं. समोरच्या रांगेनं पाहिलं होतं. पळी तशीच हवेत होती.

"व... वाढ," शिखरचंद म्हणाला.

तिनं वाढलं. रतनलालच्या पानावर वाढलं. तिसऱ्या पानावरचे चंपालालजी "पोट भरलं" म्हणून उठले. त्यांनी अजून घासही घेतला नव्हता. त्यांच्यामागून पुष्कळ जण उठले. सगळे नाही. गुलाबबाईनं आपलं पान पुढं सरकवून मागून घेतलं. शिखरचंद जेवला, पान स्वच्छ केलं, पण वर मान करून एकदाही पाहिलं नाही. आजारानं त्याच्याकडून काही करवलं नव्हतं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. त्याचा हात त्याच्या आधी गेला होता.

एसटीची वेळ झाल्यावर तो स्टँडवर गेला. अंगुरीबाई तिकिटाच्या खिडकीशी होती. रुपा बाकावर बसलेली. तिच्यापुढं उभा राहून तो म्हणाला, "बाई, तू पाह्यलं."

"पाह्यलं," रुपा म्हणाली.

"मले काई म्हणता येत नाई."

"येते मी पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "पाहू, हात कोठी जाते ते."

ती आली. त्याच्या पुढच्या वर्षीही आली. उठून जाणारे कमी होत गेले; चंपालालजी शेवटपर्यंत बसले नाहीत. रुपाला पुढं रिठदच्या बालवाडीत काम मिळालं आणि मग ती फक्त क्षमावाणीपुरती अनसिंगला येई. रतनलाल दरवर्षी मायलेकींना स्टँडवर घ्यायला आणि पोचवायला जाई. त्यापलीकडं त्याचं आणि अंगुरीबाईचं बोलणं झालं नाही. दोघांनी ते वाढवलं नाही. क्षमा केली, असं अंगुरीबाई कधीच म्हणाली नाही.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंचा अंदाज खोटा ठरला नाही. शिखरचंदनं नातीचं लग्न पाहिलं, दुकानात बसला, रोज सकाळी स्टँडपर्यंत चालत गेला. पंगतीत मात्र तो दरवर्षी पहिल्या पानावर बसे, आणि रुपा बादली घेऊन मांडवात आली की दोन्ही हात मांडीखाली दाबून धरी. तिचं वाढून होईपर्यंत काढत नसे. गावात नवीन आलेल्यांना वाटे, म्हाताऱ्याच्या हातांना काही दुखणं असेल.